ताईची नोंद

"तुमच्या यादीत माझी ताई दिसतेय," फोनवरच्या बाई म्हणाल्या. "पण ती आमच्या आश्रमात नाहीये."

भिंतबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. ऑफिसात त्यांना भिंतबाईच म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. नऊ वृद्धाश्रमांसाठी त्यांनी एकच वेब ॲप्लिकेशन उभं केलं होतं. इमारत एक, बिऱ्हाडं नऊ. मधे भिंत हवीच, एका आश्रमाच्या माणसांची माहिती दुसऱ्याला दिसता कामा नये, यावर त्या अशा अडून बसल्या की काम दोन महिने लांबलं. साहेब वैतागले, पोरं हसली, पण बाई ढिम्म.

"आपण कोण बोलताय?"

"मी इथेच राहते. शाळेत शिकवायचे. रिकामं बसवत नाही, म्हणून ऑफिसात नोंदी करून देते. आज नवीन आलेल्या एका आजींचं आडनाव शोधलं, तर दोन नावं आली. एक त्या आजी आणि दुसरी माझी ताई. जन्मतारीखसुद्धा ताईचीच."

भिंतबाईंनी शोधाचा प्रोग्रॅम उघडला. काल नऊ आश्रमांची मिळून किती माणसं झाली ते पाहायला त्यांनीच शोधातली 'फक्त आपलाच आश्रम' ही अट काढली होती. पाच मिनिटांसाठी. ती परत घालायची राहून गेली. इतकी वर्षं दुसऱ्यांना बजावलं, आणि दिव्याखाली अंधार!

"चूक माझी आहे," त्या सरळ म्हणाल्या. "आत्ता दुरुस्त करते. पण ताई कुठल्या आश्रमात आहेत, ते मला सांगता यायचं नाही."

"मी विचारतच नाहीये." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ताई दर रविवारी फोन करते. मुलाकडे आहे म्हणते. सून कशी हातावर झेलते, नातवंडं काय दंगा करतात, सगळं रंगवून सांगते."

"आणि तुम्ही काय सांगता?"

"मी? मी माझ्या घरी आहे की! गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतेय." त्या हसल्या, पण ते हसू काही टिकलं नाही. "बाई, मला एवढंच सांगा. ती मला दिसली, तशी मी तिकडे कुणाला दिसले का? बोलता बोलता तिच्या कानावर जाईल हो. काही झालंच तर धाकटीचं घर आहे, एवढाच आधार आहे तिला."

कोणी, कधी, कोणाची नोंद पाहिली, हे ॲप्लिकेशन लिहून ठेवत असे. भिंतबाईंनी कालपासूनची यादी उघडली. घाईघाईत नजर फिरवायचं धाडस होईना. एकेका ओळीवर बोट ठेवत त्या खाली आल्या, मग पुन्हा वरपासून पाहिलं.

"नाही. तुमची नोंद आश्रमाबाहेर कोणीच पाहिलेली नाही."

"सुटले बाई!" पलीकडच्या बाई म्हणाल्या. भिंतबाईंनाच रडू फुटेल असं वाटलं.

"पण ही चूक मला दोन्ही आश्रमांना कळवावी लागेल," त्या म्हणाल्या. "ताईंनाही सांगावं लागेल, की त्यांचं नाव बाहेर कुणाला तरी दिसलं. कुणाला, ते मात्र सांगणार नाही."

"मी आहे हे कळायला नको. बाकी तुमचं काम तुम्ही करा."

बाईंनी अट जागेवर घातली. एकाच ओळीचं काम, पण त्यांनी ते दोनदा तपासलं. साहेबांना आता काय तोंड दाखवायचं, हे नंतर बघू.

"आता शोधून बघा," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्या बोटांनी सावकाश एकेक अक्षर दाबल्याचं फोनवर ऐकू येत होतं.

"फक्त आमच्या आजीच आल्या," शिक्षिका म्हणाल्या. "ताई नाही."

"नीट बघा हं."

"बघितलं. नाहीये." मग वर्गात हजेरी संपवावी तशा म्हणाल्या, "चला, बरं झालं. परवा रविवार आहे. फोन आला की नातवंडांचं विचारीन."