चार खोल्यांचा विश्वदौरा

लिस्बनमध्ये स्टेज चाळीस पावलांनी लांबलं आणि दिग्विजय ड्रमसकट मागे राहिला. त्याने ते फारसं मनावर घेतलं नाही. परदेशातलं लाकूड, दमट हवेने फुगत असेल.

‘भारनियमन’ हा सांगलीच्या चौघांचा रॉक बँड. नव्या अल्बमचं नाव ‘चार खोल्या’, कारण तो चौघांनी चार गावांतल्या बंद खोल्यांत, एकमेकांना न ऐकता वाजवला होता. कल्पना गायिका मृण्मयीची. दिग्विजयने तेव्हाच विचारलं होतं, "एकत्र बसून वाजवलं तर काय अंगाला भोकं पडतात?" पण अल्बम गाजला, अठरा देशांची बोलावणी आली, आणि यशापुढे शहाणपण चालत नाही.

माद्रिदला स्टेज फर्लांगभर झालं. त्याचा ठोका पुढे पोचेपर्यंत मृण्मयीची ओळ संपलेली असे. दिग्विजय मूळचा ताशेवाला. ताशा मागे पडला की अख्खी मिरवणूक तुंबते, म्हणून पथकात एकच शिकवण: उशीर होतोय वाटलं, तर जरा आधी मार. तो आधी मारू लागला. पुढचे तिघं खूश झाले. स्टेजही खूश झालं असावं, कारण ते आणखी लांबलं.

व्हिएन्नाच्या कार्यक्रमाला स्टेजचं मागचं टोक बुडापेस्टमध्ये निघालं. तिथे तो आदल्या दिवशी सकाळी वाजवायला बसला. समोर एक बाई खुर्च्या पुसत होती. तिने पुसणं थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मृण्मयीचा फोन आला.

"दिग्या, कसला वाजलास! मात्रा इकडची तिकडे नाही."

"वळून बघितलंत का?"

"कशाला? वेळेवर येत होतं की सगळं."

"तुम्ही या ना इकडे एकदा."

"बघू. दौरा संपू दे."

वॉर्सासाठी तो आठवडाभर आधी वाजला, हेलसिंकीसाठी महिनाभर. इतका एकजीव बँड पाहिला नाही, असं तिथल्या पेपरांनी छापलं. सांगलीत असताना मृण्मयी त्याच्या ताटातली तळलेली मिरची न विचारता उचलायची. आता तो कुठलंही जेवण कडेला थोडं ठेवूनच संपवायचा. त्याला फार एकटं वाटत होतं, आणि ते सांगायचं ज्यांना, ते सगळे पुढे होते.

शेवटचा कार्यक्रम मेलबर्नला होता. मागचं टोक एका बेटावरच्या रिकाम्या नाट्यगृहात आलं आणि दिग्विजयला तिथे दोन महिने आधी बसावं लागलं. या वेळी त्याने ठरवलं, वाजवायचंच नाही. ठोका आला नाही तर तिघं वळतील. वळले की शोधत येतील, निदान शिव्या घालायला तरी. त्याने काठ्या खाली ठेवल्या, हात मांड्यांखाली दाबले आणि दोन तास तसाच बसून राहिला.

शांतताही ठोक्याच्याच वेगाने जाते. ती पोचेपर्यंत तो तिथेच थांबला. दाराकडे तोंड करून जेवायचा, बाहेर पाऊल वाजलं की उठून उभा राहायचा.

दोन महिन्यांनी फोन वाजला.

"दिग्या, आज कहर केलास! दोन तास एक ठोका नाही. लोक रडत होते रे."

"तुम्ही वळलात?"

"वळतोय कुठले, आम्हीपण रडत होतो. पुढचा अल्बम असाच करायचा, ठरलं आमचं. तू आहेस तिथंच राहा."

फोन ठेवला गेला. त्याच्या पाठीमागची भिंत हलकेच आणखी मागे सरकली. मागे झाडून पुसून स्वच्छ केलेली बरीच जागा होती, आणि पार टोकाला कुणीतरी एकच स्टूल मांडत होतं.