पवनदेवाच्या घोड्यांचा कडबा

पातूरजवळच्या आमच्या गावात वीज अजून यायची होती. महाराज मात्र आले होते. १९५८च्या चैत्रात त्यांनी दोन पुरुष उंचीच्या बांबूवर तीन पात्यांचं चक्र बसवलं आणि खाली अंधाऱ्या मठीत तेलावाचून काचेचा दिवा पेटवला. सारं गाव लोटलं. पश्चिमेकडून पवनदेवाचे घोडे येतात, त्यांच्या टापांतून ही ज्योत निघते, असं महाराज सांगत. घोडे म्हटले की वैरण आली. न दिसणाऱ्या घोड्यांसाठी आमच्या शहाण्या गावानं चक्राच्या पश्चिमेला, अगदी लागूनच, कडब्याची गंजी रचली.

दिवा मंदावला. घोडे अजून उपाशी आहेत, महाराज म्हणाले. गंजी वाढली, दिवा आणखी मंदावला. ती चक्राच्याही वर गेली तेव्हा दिवा विझला, आणि गावातली खरी जनावरं रिकाम्या गव्हाणी चाटू लागली.

आता महाराजांना एक पापी माणूस हवा होता. पंचफुलाबाईनं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन घरातले देव नदीत सोडले होते. तिच्यापायी घोडे रुसले, असं ठरलं. खुशालराव पाटलांनी तिला खळ्यावर वाऱ्याला धरून धान्य उपणायला बोलावणं बंद केलं. तिची चूल त्याच मजुरीवर पेटत होती. मी गावचा शाळामास्तर. माझं डोकं फिरलं. भर मठीत मी पाटलांना विचारलं, "तुमी गंजीच्या आडोशाले जवारी उपनता का?"

"येडे झाले का मास्तर? तिथं वारा कुठं लागते?"

"मंग या चक्राले कुठून लागन?"

पाटील उठून गंजीकडे गेले. मग त्यांनीच पहिली पेंढी ओढली. मी पंचफुलाबाईला बोलावून मुद्दाम दिव्याखाली उभं केलं. गंजी उतरली, चक्र फिरलं आणि दिवा तिच्या डोक्यावर लख्ख पेटला.

घोड्यांचं पोट भरलं, असं महाराज पुटपुटले. मी शिडी लावून पात्यांमागचा डबा उघडून सर्वांना दाखवला. वारा पाती फिरवतो, पाती डायनामो फिरवतात, त्यात लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, तिथं वीज तयार होते आणि पोकळ बांबूतल्या तारेनं दिव्यात येते. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर वीज निम्मी नाही, जेमतेम आठवा हिस्सा उरते. म्हणून असं चक्र उंचावर, मोकळ्यावर लावतात.

पाटलांनी मान खाली घालून पंचफुलाबाईला उद्या खळ्यावर यायला सांगितलं.

"येतो," ती म्हणाली. "पन आजवर मले पापी म्हनलं, ते बी याच मठीत सगळ्याइसमोर मागं घ्या."

पाटलांनी ते मागं घेतलं. वाचकहो, दिवा मंदावला तर वारा कुठं अडला ते पाहा. माणसाला अडवू नका.