कागदावरचा हत्ती

माझ्या भाचीला शाळेनं नापास केलं. वय वर्षं पाच. पहिलीच्या प्रवेशासाठी नेली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलगी जरा मंद वाटते. वर्षभर घरीच ठेवा."

ताई तिथून तडक माझ्याकडे आली. घराच्या पुढच्या खोलीत मी बालवर्ग चालवते आणि भिंगरी, म्हणजे ही भाची, त्याच वर्गात लहानाची मोठी झाली.

"तू हिला शिकवलंस तरी काय?" ताई दारातूनच कडाडली. "मोठा कोण, हत्ती की उंदीर, एवढं सांगता येत नाही! उंदीर म्हणाली, उंदीर!"

मी भिंगरीला जवळ घेतलं. "उंदीर कसा गं?"

"मोजला," ती म्हणाली. "कागदावर दोघं होते. हत्ती माझ्या दोन बोटांएवढा. उंदीर तीन बोटं भरला, शेपटी सोडून."

म्हणजे चित्र काढणाऱ्यानं हत्ती कोपऱ्यात कोंबला होता आणि उंदीर चांगला ऐसपैस काढला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीनं शेपटी सोडून मोजलं होतं, आणि ती मंद!

माझ्या वर्गात नियम एकच, आधी हात लावायचा, मग तोंड उघडायचं. उंच बाटली आणि बसका डबा समोर ठेवला की सगळी पोरं "बाटलीत जास्त मावतं" म्हणून ओरडतात. मग ओतून बघतात. डबा जिंकला की खोलीभर पाणी आणि आरडाओरडा होतो. फरशी मी पुसते, पण त्यानंतर कुणी नुसतं उंचीला भुलत नाही. हे शिकवायला मला महिने लागतात.

मी शाळेत गेले. बाईंच्या टेबलावर लाकडी फूटपट्टी होती. मुलं गप्प बसावीत म्हणून ती आपटायची, एवढाच तिचा उपयोग दिसत होता.

"अहो, हत्ती मोठा असतो हे शेंबडं पोरही सांगेल," बाई म्हणाल्या.

"तिनं हत्ती पाहिलेलाच नाही. तुमचा कागद पाहिला, आणि मोजला."

"मोजायला कुणी सांगितलं होतं? उत्तर द्यायचं होतं."

या बाईंच्या हाताखालून दरवर्षी शेकडो मुलं जातात! मी चांगलाच आवाज चढवला. शिपाई दारात येऊन उभा राहिला. शेवटी बाई म्हणाल्या, "उद्या परत आणा. हत्ती म्हणाली की प्रवेश दिला. तुम्ही एवढ्या आलात, तुमचा मान राखते."

असला मान मला नको होता. पण ताईनं हात जोडले. "तुझी तत्त्वं तुझ्यापाशी ठेव. चालत जाता येईल अशी हीच एक शाळा आहे. माझ्या पोरीचं वर्ष घालवू नकोस."

संध्याकाळभर ताईनं कागदावर तसेच हत्ती-उंदीर काढून भिंगरीकडून घोकून घेतलं. हत्ती मोठा. उंदीर लहान. बोटं कागदाकडे गेली की चापट. मी शेजारी बसून दातओठ खात होते, आणि ताईचंही चुकत नव्हतं, म्हणून जास्तच चीड येत होती.

भिंगरी पास झाली. "किती लवकर सुधारली!" असं बाई म्हणाल्याचं ताईनं मला तीनदा सांगितलं. घरात सगळे खूश होते. शाळा सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी वर्गात आली.

मी तिच्यापुढे दोन काठ्या ठेवल्या. एक सरळ, एक तिरकी, मुद्दाम लांबी चटकन कळू नये अशा. "लांब कुठली?"

एरवी तिनं झडप घालून दोन्ही उचलल्या असत्या, टोकाला टोक लावलं असतं. आज हात मांडीवरच राहिले. काठ्यांकडे तिनं पाहिलंही नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, नीट, निरखून.

"मावशी," तिनं हळूच विचारलं, "तुला कुठली हवीय?"