मोरणीची धार

जोतीराम वस्तादांनी मिशीवरचा फेस पुसला आणि संयोगिताचं डोकं फिरलं. कारण तो फेस तिच्या म्हशीच्या दुधाचा नव्हता. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर, जिथं गिऱ्हाइकासमोर धार काढून पेला देतात, तिच्या दोन म्हशी उभ्या होत्या आणि गिऱ्हाईक सगळं शेजारच्या रंगीत मांडवात. तिथं पिशवीतल्या दुधाची एक नवी कंपनी लोकांच्या डोळ्यांवर काळं डबडं चढवत होती, हातात कोमट दुधाचा ग्लास देत होती आणि विचारत होती, कसं लागलं?

डबड्यात म्हैस दिसायची. हात लावावा इतकी जवळ, कान हलवणारी, ग्लासात धार पडताना मान वळवून बघणारी. ती म्हैस संयोगिताचीच होती, मोरणी. उन्हाळ्यात काही लोक चारी बाजूंनी डोळे असलेला कॅमेरा घेऊन आले होते. कोल्हापूरची संस्कृती जपायचीय म्हणाले. शाल दिली, नारळ दिला आणि दिवसभर मोरणीचं चित्रण केलं, धार काढणाऱ्या संयोगिताच्या आवाजासकट. संस्कृती म्हणजे पिशवी, हे मात्र कुणी सांगितलं नाही. भादव्यात मोरणी मेली. मोरणीला पुरताना खड्ड्यात माती लोटायला हेच वस्ताद आले होते.

वस्ताद तालमीतल्या पोरांना सांगायचे, कट्ट्यावरचं दूध कुठलं आणि पिशवीतलं कुठलं, मी डोळे मिटून सांगतो. त्यांच्या त्या जिभेवर संयोगिताचा धंदा उभा होता. वस्ताद पितात म्हणून अर्धी पेठ प्यायची, आणि वस्ताद हलले तर पेठही हलणार होती.

ती तरातरा मांडवात शिरली.

"काय लागलं वस्ताद?"

"मोरणीचं दूध गं सूनबाई," वस्ताद तंद्रीतच म्हणाले. "तीच गोडी. लाव पैज."

"मोरणी मेली. तुमीच माती लोटलीसा की तिच्यावर."

वस्तादांनी रिकाम्या ग्लासात बघितलं. "व्हय की," ते म्हणाले. "पण दूध तिचंच हाय."

संयोगिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिढ्यान्‌पिढ्या खरं दूध प्यायलेला माणूस, आणि जीभ गहाण टाकली कुठं, तर एका डबड्यापाशी. ती चहाच्या गाड्यावर गेली, ग्लासभर कोमट पाणी घेतलं, पांढरं दिसावं एवढंच दूध त्यात टाकलं आणि परत आली. मांडव सांभाळणाऱ्या सम्राटला म्हणाली, "चढव परत वस्तादांच्या डोळ्यावर."

वस्ताद प्यायले. मिशी पुसली. "मघाच्यापेक्षा दाट हाय," म्हणाले.

"पाणी हाय ते," संयोगिता सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "चहाच्या गाड्यावरचं पाणी. बघा, डबडं चढवलं की पाण्यालाबी दूध म्हणवून घेत्यात तुमच्याकडनं."

मांडव हसून लोटपोट झाला. तिला वाटलं, जिंकलो. सम्राटचं तोंड उतरलं. तेवढ्यात मागून एक जण पुढं घुसला. "पाणी दूध लागतंय? नाद खुळा. मला घाला आधी." आणि रांग मांडवाबाहेर रस्त्यावर गेली. तिच्या कट्ट्यावर पेला धरून उभा असलेला एकुलता एक माणूससुद्धा पेला ठेवून रांगेत आला.

वस्तादांना लाज वाटायला हवी होती. ते सावकाश म्हणाले, "पाणी तर पाणी सूनबाई. मोरणी तर दिसली."

"आण हिकडं ते," संयोगिताने सम्राटच्या हातातून डबडं ओढलं. त्यातली खोट काढायची आणि चारचौघांत सांगायची, एवढंच तिच्या मनात होतं.

समोर मोरणी उभी होती. कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यासकट. कानात तिचा स्वतःचाच आवाज आला, "हो बया, हो," आणि मोरणीने मान वळवून थेट तिच्याकडे बघितलं. संयोगिता उकिडवी बसली. हात कासेकडे गेला, बोटं आवळली आणि रिकामी मिटली. पुन्हा गेली. लोक हसत होते, तेही तिला ऐकू येत होतं. आपल्याच हाताचा तिला असा संताप कधी आला नव्हता, आणि हात काही थांबत नव्हता.

"ओ वैनी, उठा की," रांगेतून कुणीतरी ओरडलं. "आमचा नंबर हाय."

तिने डबडं काढलं. सम्राटने हसून ग्लास पुढं केला. तिने तो हाताने उडवला, दूध त्याच्या शर्टावर सांडलं.

"तुझ्या दुधावर थुंकते मी," ती म्हणाली आणि निघाली. मांडवाच्या तोंडाशी थांबली. मागं न बघता, त्याच रागाने विचारलं, "उद्या किती वाजता लावतासा हे?"

"पाचला," सम्राट शर्ट पुसत म्हणाला. "तुमच्या धारंच्या टायमालाच की वैनी."

कट्ट्यावर दोन्ही म्हशी रेकत होत्या. त्यांची धार अजून काढायची राहिली होती.