उन्हाळीच्या मुळांवरच्या गाठी

त्रिंबकला सापडलेल्या जिवाणूला अजून नाव नव्हतं, आणि आता तर जिवाणूही उरला नव्हता.

पडेगावच्या रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत तो चार वर्षं मान मोडून बसला होता. उन्हाळी नावाचं झुडूप आपल्याकडं माळावर कुठंही उगवतं. त्याच्या मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी येतात आणि त्या गाठींच्या आत, झाडाला नत्र पुरवणारा जिवाणू राहतो. करमाडजवळच्या त्याच्या गावच्या माळावरचा जिवाणू मात्र जगात नोंदलेल्या कुठल्याच जातीशी जुळेना. नवी जात! त्यावरचा शोधनिबंध मंजूर होत आला. अट एकच उरली होती: जिवंत जिवाणू दोन देशांतल्या संग्रहांत जमा करायचा, मगच त्याला नाव लागणार.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. जोडून सुट्ट्या आल्या, फ्रीझर बंद पडला आणि चार दिवस कुणाला पत्ता नाही. राखीव नळ्यासुद्धा या शहाण्यानं त्याच फ्रीझरात ठेवलेल्या. नळ्यांतला जिवाणू बशीत पुन्हा पुन्हा पेरून पाहिला, एक ठिपका उगवला नाही.

आता पुन्हा त्याच माळावरच्या गाठी आणणं, एवढाच उपाय होता. तोही माळ कारखान्यासाठी विकला गेलेला, जेसीबी येऊन उभा राहिलेला. त्यात त्या आठवड्यात तपासणीचे पाहुणे येणार म्हणून सर त्याला जागचं हलू देईनात. शेवटी त्यानं मायला फोन लावला. बानाबाईचा जन्म त्याच माळावर शेळ्या राखण्यात गेला होता.

"माय, जेसीबी फिरायच्या आत उन्हाळीची झाडं मुळासकट उपट. अन् साफ करून आण बरं का. मागल्यासारखा चिखल सांडला तर सर मला उभा सोलतील."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बानाबाई दोन गाड्या बदलून, डोक्यावर गाठोडं घेऊन आली. मोठ्या तोऱ्यात तिनं टेबलावर ओलं फडकं सोडलं. आत बत्तीस झाडं होती. शहागंजच्या भाजीबाजारात मेथीच्या जुड्या मांडतात तशी नीट ओळीनं लावलेली, मुळं धुऊन पांढरीशुभ्र.

एकाही मुळावर गाठ नव्हती.

"गाठी कुठायत?" त्रिंबकचा आवाज चिरकला.

"काढल्या की. समद्यांला कीड लागली व्हती. वांग्याच्या मुळाला अशा गाठी आल्या का झाड जातंच. दिसभर बसून नखानं एकेक खुडली. आतून लालभडक निघत व्हत्या, बघ."

लाल, म्हणजे जिवंत. ऐन भरातल्या.

"टाकल्या कुठं?"

"चुलीत. कीड रानात कशापाई पसरवायची?"

"अन् माळ?"

"सकाळीच सपाट केला त्यांनी."

त्रिंबकला असा राग आला की रडू यायचंच बाकी राहिलं. अक्कल गहाण टाकली का, कुणी सांगितला होता शहाणपणा, असं काय काय तो बोलला. बोलायचं तरी कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ. मग एकदम त्याला सुचलं. नखानं खुडल्या म्हणजे नखांत गर राहिला असेल! तेवढ्यातही लाखो जीव असतात. त्यानं घाईनं सुई हातात घेतली.

"माय, हात दाव. लवकर!"

तिनं दोन्ही हात पुढं केले. नखं लख्ख होती.

"दाराशी तुमच्या त्या बाईनं बाटलीतलं औषध दिलं, चांगले चोळून धुतले. तूच म्हणतोस ना, इथं घाण चालत नाय."

त्यानं सुई खाली ठेवली. "एक बी झाड शिल्लक नाय?"

"बिरोबाच्या ओट्यामागं चार व्हती. देवाची जागा म्हून जेसीबीवाल्यानं तेवढी सोडली." बानाबाईनं कडेच्या चार झाडांवरून हात फिरवला. "देवाला नारळ बोलले अन् ती बी उपटली. म्हणलं, लेकाला कमी पडाया नको."

त्यानं त्या चारही झाडांची मुळं उलटसुलट करून पाहिली. तिनं हळूच विचारलं, "त्या गाठीत व्हतं काय एवढं?"

"तुला नाय कळायचं," सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं.

बानाबाई फडक्याची घडी घालता घालता थांबली.

"चार वर्सं झाली इचारते, चार वर्सं हेच ऐकते. आत काय व्हतं ते नसंल कळायचं, लेका. पण गाठी पायजेत, एवढं तर मला कळलं असतं ना?"