ओठातल्या पहारेकऱ्याची चूक

हे मी लिहिणारच नव्हतो. आपली अब्रू आपणच चव्हाट्यावर कशाला मांडायची? दोनदा सुरुवात केली, दोनदा सोडून दिली. पण एका बापाला माझ्या गुन्ह्यासाठी रडताना पाहिलं आणि गप्प बसवेना.

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. डॉक्टर मला मास्ट पेशी म्हणतात. दहा वर्षांच्या एका मुलीच्या खालच्या ओठात, आतल्या बाजूला, मी एका बारीक रक्तवाहिनीला खेटून राहतो. मुलीला घरी भिंगरी म्हणतात, कारण तिचा पाय एका जागी ठरत नाही. तोंडही मिटत नाही, म्हणून मला बाहेरचं सगळं दिसतं. माझे भाऊबंद पोटात, फुप्फुसात, अंधारात बसलेत. मी आपला खिडकीत.

माझा जन्म हाडाच्या आतल्या मज्जेत झाला. कच्चाच बाहेर पडलो, रक्तातून वाहत इथवर आलो आणि शेजारणीच्या आधाराने मोठा झालो. शेजारीण म्हणजे तीच रक्तवाहिनी. माझी एकुलती एक मैत्रीण.

माझ्या अंगात शेकडो बारीक पोतड्या आहेत. आत हिस्टामिन आणि तसलीच जहाल द्रव्यं. चोर आला की पोतडी फोडायची. मग शेजारीण आपली भिंत जरा सैल सोडते आणि मदतीची फौज बाहेर पडते. थोडी सूज, थोडी खाज, काम फत्ते. एकदा भिंगरीच्या ओठाला मधमाशी चावली होती. तिच्या विषाचे तुकडे करणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा मला वाटलं, आपल्यासारखा पहारेकरी शोधून सापडायचा नाही.

गर्व. दुसरं काय!

आता बदामाचं सांगतो. हे माझ्या आधीचे पहारेकरी सांगून गेले. भिंगरीचे बाबा बेकरीवाले. ती तान्ही असताना तिचे गाल आणि कोपरं कोरडी पडून भेगाळायची, खाजून लाल व्हायची. बाबा भट्टी बंद करून घरी आले की आधी तिच्या गालावरून हात फिरवायचे. हात झटकलेले असायचे, धुतलेले नसायचे. नखांत बदामाची पूड. ती भेगांतून आत शिरली.

आमच्याकडे एक रीत आहे. तोंडातून पोटात येतो तो बहुतेक वेळा पाहुणा. त्याला आम्ही 'या, बसा' म्हणतो. कातडीची भिंत फोडून येतो तो चोर. बदाम आधी भिंतीतून आला. कुणी शहानिशा केली नाही. वरच्या कचेरीतून त्याच्या वर्णनाच्या ढीगभर चिठ्ठ्या निघाल्या. डॉक्टर त्यांना आयजीई म्हणतात. त्या आमच्या अंगाला येऊन चिकटल्या, पुढे माझ्याही. खरं सांगतो, मी विचारलंसुद्धा नाही की बदामाने नेमकं वाकडं काय केलंय. हुकूम तो हुकूम.

दोन वर्षांची असताना भिंगरीने बदामाचं बिस्कीट चाखलं आणि अंगभर गांधी उठल्या. तेव्हापासून घरात आणि बेकरीत अ‍ॅड्रेनलिनची सुई असते, जाड पेनासारखी, पुन्हा झटका आला तर जीव वाचवायला. बेकरीत दोन ओटे, दोन सुऱ्या, दोन फडकी. आत्या गल्ला सांभाळते आणि बाबांवर नजर ठेवते. तिची जीभ दोन्ही सुऱ्यांपेक्षा धारदार.

त्या दिवशी भिंगरी पोहण्याच्या परीक्षेत पास झाली. बाबांनी तिच्यासाठी साधा केक भट्टीत लावला आणि ती बातमी फोनवर जगाला सांगत बसले. केक करपला. इतक्यात पोरगी ओल्या केसांनी दारात. एकच केक उरला होता, त्यावर बदामाचे काप. बाबांनी तीस वर्षांचा हात वापरला. सुरीच्या टोकाने एकेक काप उचलला, जुनं क्रीम खरवडलं, नवं लावलं. एक कापही राहू दिला नाही. हे मला नंतर कळलं.

"हा कुठून आला?" आत्याने विचारलं. "तुझा तर कोळसा झाला होता ना?"

"केलाय मी व्यवस्थित. तू गिऱ्हाईक बघ."

"पहिला तुकडा माझा!" भिंगरी म्हणाली. "पोहले मी. तुम्ही नुसते फोनवर मिरवत होतात."

तिने घास घेतला.

एका चिठ्ठीने मी हलत नाही. पण बदामाच्या एकाच कणाने माझ्या अंगावरच्या शेजारशेजारच्या दोन चिठ्ठ्या एकदम पकडल्या, की तो आमचा इशारा. क्रीमखाली चुरा होता. त्याने पकडल्या. मी हाताला लागतील त्या पोतड्या फोडत सुटलो.

"अरे, आलंय कोण?" शेजारीण ओरडली.

"चोर!"

तिची भिंत सैल पडली, पाणी झिरपलं, ओठ टम्म फुगला. बदामाचे कण रक्तातून पुढे गेले. घशात, फुप्फुसात, पोटात माझे भाऊबंद एकामागून एक फुटले. एका ओठाची गोष्ट अंगभर झाली. सगळ्याच रक्तवाहिन्या सैल पडल्या की रक्ताचा दाब कोसळतो. वर श्वासनळी आवळायला लागली. चोर पकडायला आम्ही घरच पाडत होतो.

"बाबा, ओठाला मुंग्या येतायत. घशात काहीतरी अडकलंय."

"सुई काढ," आत्या म्हणाली.

"थांब गं, एवढ्याशा खाजेला सुई? आधी खाजेचं औषध देऊ."

त्या औषधाने खाज थांबते, मित्रांनो. मिटत चाललेला घसा त्याने उघडत नाही. पाच मिनिटं गेली. एरवी न थांबणारी भिंगरी दोन शब्दांवर आली. "बाबा... श्वास..." ती उलटी करायला बेसिनकडे उठली आणि वाटेतच खाली बसली. मला बाबांचा चेहरा दिसला. पिठासारखा पांढरा.

"खाजेला नाही, जिवाला मागतेय मी सुई! हो बाजूला!" आत्याने कपड्यावरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई दाबून धरली. "उचलू नको तिला! आडवी राहू दे, पाय वर घे. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लाव!"

मग रक्तातून सुईतल्या औषधाची हाक आली. "बस!" शेजारीण सावरली, श्वासनळी सैल झाली. हाक मलाही होती. आणि इथेच माझी खरी लाज आहे. मी लगेच थांबलो नाही. चोर अजून समोर होता ना, म्हणून आणखी दोन पोतड्या फोडल्या. मग थांबलो.

हॉस्पिटलात तिला काही तास ठेवून घेतलं, कारण आमची टोळी पुन्हा उठू शकते. बाबा स्टुलावर बसून होते. "लहानपणी मीच, आजही मीच," म्हणत रडत होते.

"काप काढलेस रे," आत्या म्हणाली. आवाज पहिल्यांदाच मऊ होता. "चुरा कसा काढणार होतास?"

"बाबा, केक मस्त होता पण," भिंगरी सुजल्या ओठांनी बोलली. "हात द्या ना."

"आधी धुऊन येतो," बाबा म्हणाले. तासाभरात ती चौथी वेळ होती.

मला ओरडून सांगायचं होतं, अहो, पोतड्या मी फोडल्या. पण आम्हाला फोडता येतं, त्यांना ऐकू जाईल असं बोलता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. ज्याला आमच्यासारखे पहारेकरी लाभलेत, त्याच्या ताटातलं नुसतं वरून काढू नका, पदार्थच बदला. घसा आवळला, श्वास अडला, की सुई द्यायला लाजू नका, थांबू नका. आम्ही वाट बघत नाही.

सूज उतरल्यावर शेजारणीने विचारलं, "पुन्हा करशील?"

खोटं बोलता आलं असतं. "करेन," मी म्हणालो. "चिठ्ठ्या अजून अंगावर आहेत. नव्या पोतड्याही भरतायत. बदाम आला की मी फुटणार."

"मग कसला रे तू मित्र?"

मी अंगावरच्या चिठ्ठ्या चाचपल्या. मग म्हणालो, "एवढं मात्र वचन देतो. सुईची हाक आली की हातातली पोतडी हातातच राहील. चोर समोर उभा असला तरी. एकही जास्त फोडणार नाही."