गाजराच्या वाफ्यातलं गवत

थोरली जाऊ शेत बघायची आणि धाकटी भाजी विकायची, अशी त्या घरातली वाटणी. थोरलीला परक्या माणसापुढे बोलायचं म्हणजे घाम फुटायचा. धाकटीला गप्प बसणं म्हणजे शिक्षा. दलालाला फाटा देऊन दर रविवारी टेम्पो थेट गिऱ्हाइकांच्या दारात न्यायची कल्पना धाकटीची. पिकावर विषारी फवारा नाही की तणनाशक नाही, हा हट्ट मात्र थोरलीचा.

त्यामुळे गवताचं फावलं. गाजरं का येत नाहीत, असं गिऱ्हाइकांनी विचारलं तेव्हा धाकटीने सांगून टाकलं की खुरपायला हात कमी पडतात. आम्ही येतो की, असं पाच-सहा जण म्हणाले आणि ही बया घरी न विचारता हो म्हणून आली. 

सुट्टीच्या दिवशी मंडळी कोऱ्या टोप्या घालून हजर झाली. दातांच्या डॉक्टरीणबाई सगळ्यांत उत्साही. थोरलीने बोटानेच गवत दाखवलं, काहीतरी पुटपुटली आणि पलीकडच्या टोकाला पळाली.

दुपारी येऊन बघते तर डॉक्टरीणबाईंचा वाफा संपलेला. बांधावर बोटभर गाजरांचा ढीग आणि वाफ्यात गवत तेवढं ऐटीत उभं. धाकटीने कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. नाजूक पानांचं तेच गवत, असं वाटल्याचं त्या कसंबसं म्हणाल्या.

थोरलीने ढिगाकडे पाहिलं, त्यांच्या चिखलाने माखलेल्या नाकाकडे पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. हसता हसता ती बांधावरच बसली.

"बाई, एकही तुटलं नाही हो. सगळी मुळासकट! हात हलका आहे तुमचा."

मग काय, सगळेच हसत सुटले. पंपाखाली गाजरं धुतली आणि तिथेच उभ्या उभ्या कुरुमकुरुम खाल्ली. थोरलीने प्रत्येकाला पान चुरगाळून हुंगायला लावलं. गाजराचा वास आला तर हात लावायचा नाही. बियाणं कसं राखते, गांडुळं कशी वाढवते, सगळं सांगत सुटली. धाकटीला मध्ये शिरायला फट सापडेना.

डॉक्टरीणबाईंनी त्याच वाफ्यातलं गवत उपटून नवं बी पेरलं आणि उगवलं की कळवा म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी, रविवारी टेम्पो निघताना थोरली पुढच्या सीटवर आधीच बसलेली.

"सरक," धाकटी म्हणाली.

"तू मागे बस," थोरली म्हणाली. "मला त्यांना सांगायचंय, कोंब आलेत."